पोषण आहाराची वही

अठ्ठावीस फेब्रुवारीला माईक चालला नाही.
जबाबदारी माझी, ग्रामपंचायतीच्या शिपायाची:
सतरंज्या, पाण्याचा जार,
आणि हेळवाकहून आणलेला एक नारळ.

पाहुण्या एस.टी.तून उतरल्या, पाठीला सॅक.
डॉक्टर संजीवनी झोरे.
कुणीतरी लगेच दुखरा गुडघा पुढं केला.
"मी गुडघ्यांची नाही," बाई म्हणाल्या, "डोंगरांची."
मग आडनावाची चौकशी. कुठले झोरे,
कुठल्या धनगरवाड्यावरचे,
आणि धरणात कुणाचं काय गेलं, तिथवर ती पोचली.

आमच्याकडं भूकंप घरचाच.
सदुसष्ट सालचा सोडला तर बाकीचे
येतात, भांडी वाजवतात, जातात.
आम्ही "झाला का?" म्हणतो आणि कूस बदलतो.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही.
देवळापुढं बारा बायका एका ओळीत उभ्या केल्या,
प्रत्येकीचे हात पुढचीच्या खांद्यावर,
आणि शेवटचीला हलकेच ढकललं.
धक्का ओळीतून धावत गेला,
सगळ्यात पुढच्या सरपंचबाई थेट पायरीखाली.
"ही पहिली लाट. घाईची. सरळ येते."
मग शेवटचीला डावी-उजवीकडं डोलवलं.
ओळ नागासारखी वळवळली, पदर सुटले, हसू फुटलं.
"ही मागून येते. पण घर हलवते हीच.
दोघींच्या मधे जितकं मोजाल
तितकी कळ लांब उठलेली.
एक आकडा, अडीच कोस."

तेव्हा हौसाबाई शेलार, शाळेत खिचडी शिजवणारी,
ओळ मोडून चालू लागली.
आम्हाला वाटलं, रागावली.
परत आली ती वह्या घेऊन.

तांदूळ सहा किलो. मूगडाळ दीड.
हजर मुलं एकेचाळीस.
आणि समासात, पेन्सिलीनं:
झाकणी वाजली. उलथनं हाललं. मधी दोन.
झाकणी वाजली. उलथनं हाललं. मधी चार.
अकरा वर्षांच्या वह्या,
त्यातल्या दोन उंदरांनी कुरतडलेल्या.

"कशासाठी लिहिलंत?"
"सांगायला गेलं की म्हणायचे, हौसे, तुला भास हुत्यात.
भासाला तारीख नसती.
म्हणून तारीख घातली.
शाळंचं घड्याळ सात मिन्टं मागं हाय,
तेवढं मांडून घ्या."

बाई खाली बसल्या, नारळाशेजारी.
खूप वेळ पानं उलटत राहिल्या.
कार्यक्रम तिथंच संपला,
आभाराचं भाषण माझ्या खिशात राहिलं.

पावसाळ्यानंतर पत्र आलं.
एकशे अठ्ठ्याहत्तर नोंदी,
एकशे तीस यंत्राशी जुळल्या.
काही यंत्रानं ऐकल्याच नव्हत्या.
एकोणीस धरणाकडं जाणाऱ्या ट्रकच्या निघाल्या.
हौसाबाईनं पत्र दोनदा वाचून घेतलं
आणि ट्रकवरून तीन दिवस माझ्याशी भांडली.

छापलेल्या लेखात नाव आलं: एच. शेलार.
"एच म्हंजे कोण?"
"तुम्हीच."
"मग आख्खं का न्हाई लिवलं? जागा न्हवती?"
हे मी बाईंना कळवलं.
पुढच्या लेखात आख्खं आलं.

आता कोठीमागं डब्याएवढं यंत्र पुरलंय,
हौसाबाई त्याच्यावर कोंबडी बसू देत नाही.
शनिवारी खिचडी उतरली की
पोरींना रांगेत उभं करते, खांद्यावर हात.
"घाईची कंची? हालवणारी कंची?"

परवा रात्री भांडी वाजली.
आई देव्हाऱ्याकडं वळली, मी दाराकडं,
आणि आमची नववीतली वेणू
अंथरुणातच उठून बसली, बोटं उघडत,
एक, दोन, ती...
मग खुंटीवरचा कंदील हलला.

"लांबचाय," ती म्हणाली. "झोपा."